मुलांना शास्त्रीय संगीताची ओळख : बालवर्गासाठी नऊ उपक्रम

बालवर्गासाठी वेळ देऊ इच्छिणाऱ्या पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो. "आम्हाला स्वतःला गाता येत नाही, मग मुलांना शास्त्रीय संगीताबद्दल काय सांगणार?" त्याचे सरळ उत्तर असे की बालवर्गात आपल्याला गाणे शिकवायचे नाही, ऐकायला शिकवायचे आहे. गाणे शिकवायला गुरू लागतो. ऐकायची सवय लावायला थोडी तयारी, थोडा धीर आणि चार घरगुती वस्तू पुरतात. ज्या आई-वडिलांना किंवा आजी-आजोबांना संगीताचे औपचारिक शिक्षण नाही, त्यांनाही हे उपक्रम घेता यावेत या हेतूने पुढील माहिती एकत्र केली आहे.

ग्वाल्हेरच्या मुलांना हे का माहीत असावे

ख्याल गायकीचे सर्वांत जुने मानले जाणारे घराणे आपल्या गावचे. हद्दू खाँ, हस्सू खाँ आणि नत्थू खाँ यांनी शिंदे दरबाराच्या आश्रयाने ही गायकी वाढवली. त्यांच्या तालमीत तयार झालेल्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९-१९२६) ग्वाल्हेरला येऊन शिकले आणि त्यांनी ही गायकी महाराष्ट्रात नेली. मिरजेत बाळकृष्णबुवांकडे शिकलेले विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. आज महाराष्ट्रात गावोगावी संगीताच्या परीक्षा देणाऱ्या मुलांची परंपरा मागे नेत गेलो, तर ती अशा रीतीने ग्वाल्हेरला येऊन पोचते.

१९१४ साली कृष्णराव शंकर पंडित यांनी येथे शंकर गांधर्व महाविद्यालय सुरू केले. १९१८ साली विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली आणि माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने माधव संगीत विद्यालय उभे राहिले. उत्तर हिंदुस्थानभर आधार मानला जाणारा भातखंड्यांचा 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा ग्रंथ मुळात मराठीत लिहिलेला आहे, हेही मुलांना आवर्जून सांगावे.

२०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीत-नगरी म्हणून मान्यता दिली. गावाचा मान वाढला, याचा आनंद आहेच. पण डिसेंबरच्या थंडीत तानसेन समारोहाला बसणाऱ्यांत आपल्या घरची मुले किती, हे प्रत्येकाने आपल्यापुरते मोजून पाहावे. गाणारे कमी झाले तर एखादा गुरू दहा शिष्य तयार करील. ऐकणारे संपले तर मात्र गाणाऱ्याने कोणासमोर बसायचे? श्रोता तयार होतो तो लहानपणीच, आणि ते काम घराचे व मंडळाचे आहे.

वर्गाची तयारी

- वय : ५ ते ७, ८ ते १०, आणि ११ ते १४ असे तीन गट करावेत. एका गटात १२ ते १५ पेक्षा जास्त मुले नसावीत.
- वेळ : ४५ मिनिटे पुरेत. पाच मिनिटे तंबोरा, वीस मिनिटे उपक्रम, दहा मिनिटे ऐकणे, दहा मिनिटे गप्पा व प्रश्न.
- साहित्य : इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा मोबाइलवरील तंबोरा व एक बरा स्पीकर, पेटी, टाळ, झांज, घंटा, शक्य असल्यास तबला-डग्गा. शिवाय मिठाईचे रिकामे खोके, निरनिराळ्या जाडीचे रबरबँड, चिनी मातीच्या सहा-सात वाट्या, काचेच्या बाटल्या आणि खडू.
- पट्टी : मुलांच्या आवाजाला काळी चारच्या आसपासची पट्टी सोयीची पडते. आवाज ताणून ओरडत असतील तर पट्टी उतरवावी.

दोन पथ्ये सांभाळावीत. पहिले, आवाज ऐकवल्याशिवाय व्याख्या सांगू नये. दुसरे, कोणत्याही मुलाला 'बेसूर' म्हणू नये. एकदा हा शिक्का बसला की ते मूल पुढे आयुष्यभर "मला गाण्यातले कळत नाही" असे म्हणत राहते.

उपक्रम १ : तंबोऱ्याची पाच मिनिटे (सर्व वयोगट)

वर्गाची सुरुवात नेहमी तंबोऱ्याने करावी. मुलांनी डोळे मिटून बसावे आणि फक्त ऐकावे. तिसऱ्या-चौथ्या रविवारपासून हळू आवाजात 'आ'कारात सा मिळवायला सांगावे. ज्याला मिळत नाही त्याने ऐकत राहावे, तेही काम आहे.

दोन-तीन आठवड्यांनी तंबोऱ्याची रचना सांगावी. याला चार तारा असतात. पहिली बहुधा पंचमात, मधल्या दोन षड्जात (त्यांना जोड म्हणतात) आणि शेवटची खर्जाच्या षड्जात. मालकंसासारख्या ज्या रागात पंचम नाही, तिथे पहिली तार मध्यमात लावतात. खरा तंबोरा उपलब्ध असेल तर घोडीवर तारेखाली ठेवलेला बारीक दोरा दाखवावा. तो किंचित सरकवला की आवाज बोथट होतो, आणि जागेवर आणला की गुंजन सुरू होते. हीच जवारी. मुलांना हा बदल ऐकू येतो, आणि तो ऐकू आला म्हणजे निम्मे काम झाले.

उपक्रम २ : खोक्याची तंतुवाद्ये (८ ते १०)

मिठाईच्या उघड्या खोक्यावर जाड व बारीक असे तीन-चार रबरबँड ताणून बसवावेत. मुलांनी छेडून पाहावे आणि तीन गोष्टी स्वतः शोधाव्यात :

1. रबर जास्त ताणले तर सूर चढतो की उतरतो?
2. मध्ये बोट दाबून लांबी कमी केली तर काय होते?
3. जाड आणि बारीक रबरात फरक काय?

ताण वाढला, लांबी कमी झाली किंवा तार बारीक असली की सूर चढतो. हे कळल्यावर सतारीच्या खुंट्या कशासाठी, पडदे कशासाठी आणि खर्जाची तार जाड का, हे वेगळे सांगावे लागत नाही. शेवटी तेच रबर खोक्याशिवाय दोन बोटांत ताणून छेडावे. आवाज क्षीण येतो. तंबोऱ्याला एवढा मोठा भोपळा का लागतो, याचे उत्तर मुले स्वतःच देतात.

उपक्रम ३ : पाण्याचे सूर (सर्व वयोगट)

चिनी मातीच्या सारख्या वाट्यांत कमी-जास्त पाणी घालून कडेवर लाकडी काडीने हलकेच वाजवावे. पाणी जास्त तितका सूर खाली. हे जलतरंगाचे तत्त्व. पेटीवर सा, रे, ग, प, ध वाजवून वाट्या त्यांच्याशी जुळवायला सांगावे. थेंब थेंब पाणी घालत सूर जुळवताना मुलांचा कान जितका तयार होतो, तितका कोणत्याही व्याख्यानाने होत नाही.

मग काचेच्या बाटलीत पाणी घालून तोंडावर फुंकर मारावी. आता पाणी जास्त तितका सूर वर! मुले चक्रावतात. वाटीत वाटीची कड थरथरते आणि पाणी तिला जड करते. बाटलीत पाण्यावरची हवा थरथरते, आणि पाणी वाढले की हवेची जागा कमी होते. बासरीची भोके उघडली की सूर का चढतो, तेही इथेच समजते.

उपक्रम ४ : वाद्यांची चार घरे (८ ते १४)

भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार प्रकार सांगितले आहेत. तत म्हणजे तारेची, अवनद्ध म्हणजे चामड्याने मढवलेली, घन म्हणजे धातू किंवा लाकडाची, आणि सुषिर म्हणजे हवेची. जमिनीवर खडूने चार चौकोन काढून ही नावे लिहावीत. वाद्यांची चित्रे किंवा नावांच्या चिठ्ठ्या मुलांनी योग्य घरात ठेवाव्यात. घरातल्या आरतीपासून सुरुवात केली तर सोपे जाते : टाळ, झांज, घंटा घनात, शंख सुषिरात.

त्यानंतर अडचणीची वाद्ये द्यावीत. सरोदाच्या अंगावर चामडे असते, मग ते अवनद्ध का नाही? कारण वाजवणारा तार छेडतो. संतूर काडीने वाजवतात, तरी ते तत, कारण काडी तारेवर पडते. पेटीला तर तारही नाही आणि ती फुंकतही नाहीत! भाता हलवून दाखवावा. त्यातून येणाऱ्या हवेने आतल्या रीड थरथरतात, म्हणून ती सुषिरात. मुले वाद घालतील, तो घालू द्यावा.

उपक्रम ५ : मींड आणि पेटी (११ ते १४)

पेटीवर सा आणि प वाजवावा. मग गळ्याने किंवा व्हायोलिनच्या ध्वनिमुद्रणातून सा पासून प पर्यंत घसरत जाणारा सूर ऐकवावा. हीच मींड. पेटीवर ती काढून दाखवा, असे मुलांना सांगावे. बोटे कितीही भरभर फिरवली तरी मधल्या पायऱ्या वेगवेगळ्या ऐकू येतात.

याच कारणावरून, पेटी आपल्या संगीताला मानवत नाही असे मानून, १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली होती, आणि ती सुमारे तीस वर्षे टिकली. तरीही साथीची पेटी बैठकीतून गेली नाही. बंदी योग्य होती का, यावर मोठ्या मुलांचे दोन गट करून चर्चा घ्यावी. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

उपक्रम ६ : टाळी आणि खाली (सर्व वयोगट)

लहान गटाला दादरा (६ मात्रा) आणि केरवा (८ मात्रा) पुरे. मुलांच्या तोंडी असलेल्या चित्रपटगीतांपैकी कितीतरी याच दोन तालांत असतात. मोठ्यांना तीनताल द्यावा :

धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा

सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग. टाळी १, ५ व १३ व्या मात्रेवर, खाली ९ व्या मात्रेवर. टाळीला टाळी वाजवावी, खालीला हात बाजूला न्यावा, मधल्या मात्रा बोटांवर मोजाव्यात. आधी तोंडाने बोल म्हणावेत, म्हणजे पढंत, मग हात, मग दोन्ही एकत्र.

मुलांना पाठ झाल्यावर तबल्याचा ठेका ऐकवून विचारावे : डग्गा कुठे गप्प होतो? 'धा' आणि 'धिं' मध्ये डग्ग्याचा घुमारा असतो, 'ता' आणि 'तिं' मध्ये नसतो. दहाव्या मात्रेपासून घुमारा जातो आणि चौदाव्या मात्रेला परत येतो. गाणारा न पाहता, न मोजता सम कशी ओळखतो, याचे एक रहस्य यात आहे.

हे जमले की झपताल (१० मात्रा, २-३-२-३) आणि रूपक (७ मात्रा, ३-२-२) घ्यावेत. रूपकात समेवरच खाली येते, हे मुलांना फार गमतीचे वाटते.

उपक्रम ७ : समेवर हात (११ ते १४)

मध्यलयीतील तीनतालाची एखादी बंदिश लावावी. मुलांनी मनात मोजत राहावे आणि सम आली की हात वर करावा. पहिल्या दिवशी हात कधीही वर जातात. तिसऱ्या-चौथ्या वेळी निम्मे हात एकदम वर होतात, आणि ज्यांचे चुकले ते आपोआप सावरतात.

आयुष्य बँकेत गेलेल्या माझ्यासारख्याला हा उपक्रम विशेष आवडतो. जमा-नावे जुळल्याशिवाय आम्हाला घरी जाता येत नसे. गवय्याला तर दर आवर्तनाला हिशेब जुळवावा लागतो, आणि तोही ताना घेता घेता. मैफलीत समेला "वा" का निघते, हे मुलांना या एका खेळातून उमजते.

विलंबित ख्याल मात्र पहिल्या वर्षी देऊ नये. एकेक आवर्तन लांबते आणि मुलांचे लक्ष सुटते.

उपक्रम ८ : स्वरांच्या पायऱ्या (सर्व वयोगट)

जमिनीवर सा रे ग म प ध नि सा असे आठ चौकोन खडूने काढावेत. पेटीवर सूर वाजेल तसे मुलाने त्या चौकोनात उभे राहावे. सराव झाला की म आणि नि या चौकोनांवर फुली मारावी. आता सा रे ग प ध सा एवढ्याच पायऱ्यांवरून चढायचे-उतरायचे. हे भूपाचे स्वर.

पुढच्या रविवारी ग वर फुली मारून म मोकळा करावा. एवढ्याच बदलाने दुर्गेचे स्वर मिळतात. भूपातला ध काढून नि घातला तर हंसध्वनीचे. एक पायरी बदलली की सगळा रंग बदलतो, हे मुलांना पायांनी कळते.

मोठ्या मुलांना यापुढचे एक पाऊल सांगावे. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच आहेत. पण भूप संध्याकाळचा, त्यात गंधाराला महत्त्व. देसकार सकाळचा, त्यात धैवताला महत्त्व. म्हणजे राग हा केवळ स्वरांची यादी नव्हे. एकाच आळीतून दोन माणसे गेली तरी चाल वेगळी असते, तसेच हे.

उपक्रम ९ : पडद्यामागचे वाद्य (सर्व वयोगट)

हा सर्वांत आवडता खेळ. एका मिनिटाचे ध्वनिमुद्रण ऐकवून वाद्य ओळखायला सांगावे. सुरुवात अगदी वेगळ्या आवाजांपासून करावी (तबला, बासरी, सतार), मग जवळचे आवाज द्यावेत : सतार आणि सरोद, सारंगी आणि व्हायोलिन, बासरी आणि सनई. ऐकवण्यासाठी पुढील कलावंतांची ध्वनिमुद्रणे सहज मिळतात :

- सतार : रविशंकर, विलायत खाँ
- सरोद : अली अकबर खाँ, अमजद अली खाँ (जन्म १९४५, ग्वाल्हेर)
- सारंगी : राम नारायण
- व्हायोलिन : व्ही. जी. जोग, एन. राजम
- बासरी : पन्नालाल घोष, हरिप्रसाद चौरसिया
- सनई : बिस्मिल्ला खाँ
- संतूर : शिवकुमार शर्मा
- तबला : अल्लारखा, झाकीर हुसेन
- पेटी : अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर

गायनासाठी द. वि. पलुसकर (१९२१-१९५५) यांच्या जुन्या तबकड्या उत्तम. एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते, तेवढा वेळ सात वर्षांचे मूलही बसते. पुढे कृष्णराव शंकर पंडित आणि मालिनी राजूरकर यांचे गाणे ऐकवावे. एकच तबकडी तीन आठवडे लागोपाठ ऐकवावी, आणि दर वेळी एकच प्रश्न विचारावा : पहिल्यांदा कोणती वाद्ये ऐकू आली, दुसऱ्यांदा सम कुठे आली, तिसऱ्यांदा गाणाऱ्याने तेच शब्द कितीदा वेगळ्या तऱ्हेने म्हटले.

दोन्ही भाषांतली नावे

आपली मुले शाळेत आणि मित्रांत हिंदी बोलतात. त्यामुळे वाद्यांची मराठी नावे आजीच्या तोंडी राहतात आणि मुलांना ती परकी वाटतात. दोन्ही नावे फळ्यावर शेजारी लिहावीत : तंबोरा - तानपूरा, सतार - सितार, पेटी - हारमोनियम, डग्गा - बायाँ, सनई - शहनाई, बासरी - बाँसुरी, झांज - झाँझ, केरवा - कहरवा. हिंदी शब्द चूक आहे असे मुळीच भासवू नये. मुलाला दोन्ही आले की ते आजीशीही बोलू शकते आणि गुरूशीही.

गावातली स्थळे

वर्षातून दोनदा मुलांना बाहेर न्यावे. जीवाजीगंज भागात हाफिज अली खाँ यांच्या घराण्याच्या वास्तूत 'सरोद घर' हे वाद्यांचे संग्रहालय आहे. जाण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी. तेथे उपक्रम ४ मधली चार घरे वहीत काढून प्रत्यक्ष पाहिलेली वाद्ये त्यांत भरायला सांगावीत. हजीरा भागात मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्याशेजारी तानसेनांची समाधी आहे. तेथल्या चिंचेचा पाला खाल्ल्याने गळा गोड होतो ही समजूत मुलांना जरूर सांगावी, आणि गळा रियाजाने तयार होतो हेही त्याच वेळी सांगावे. एखाद्या तबले मढवणाऱ्याकडे किंवा पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे अर्धा तास नेले, तर शाई आणि वादी म्हणजे काय, हे मुले विसरत नाहीत.

बारा रविवारांचा आराखडा

- १ ते ३ : तंबोरा, पाण्याचे सूर, पडद्यामागचे वाद्य
- ४ ते ६ : खोक्याची तंतुवाद्ये, वाद्यांची चार घरे, दादरा व केरवा
- ७ ते ९ : स्वरांच्या पायऱ्या, तीनताल, एक तबकडी तीन वेळा
- १० ते ११ : समेवर हात, मींड आणि पेटी (मोठा गट), लहान गटाला आवडीच्या उपक्रमांची उजळणी
- १२ : बाहेरची भेट, किंवा अर्ध्या तासाची छोटी प्रत्यक्ष मैफल

छोट्या मैफलीसाठी मोठा कलावंतच हवा असे नाही. संगीत विद्यालयातील विद्यार्थी आनंदाने येतात. त्यांना मानधन अवश्य द्यावे, आणि मुलांसमोर द्यावे. कलेला मोल असते, हेही शिक्षणच आहे.

परीक्षा, गुण किंवा क्रमांक ठेवू नयेत. प्रगती पाहायची असेल तर वर्षअखेरीस एवढेच पाहावे : मूल तीन मिनिटे न बोलता ऐकते का, पाच वाद्ये आवाजावरून ओळखते का, आणि तीनतालाची सम पकडते का. या तीन गोष्टी जमल्या तर पुढच्या डिसेंबरात त्याला समारोहाच्या एका सत्राला बरोबर न्यावे. सबंध रात्र बसवू नये. एक कलावंत ऐकून, शाल गुंडाळून घरी परत आणावे. परतीच्या वाटेवर काय ऐकले ते त्यालाच विचारावे, आपण सांगू नये.